जिताड्याचें तळें

अलिबागेस हवापालटासाठीं येणारे लोक समुद्र पाहतात, ओहोटी साधून कुलाब्याच्या किल्ल्यांत पायीं जाऊन येतात, नागांव-चौलच्या वाड्यांतील नारळी-पोफळींची गर्द सावली अनुभवतात, आणि जिल्हा पाहून झाला अशा समाधानानें परततात. परंतु वडखळ सोडून धरमतरचा पूल ओलांडल्यावर पोयनाडपर्यंत उजव्या हातास जो सपाट, उघडा, डोळ्यांस रुक्ष वाटणारा मुलूख लागतो, त्याकडे मोटारींतून कोणी मान वळवून पाहत नाहीं. हा खारेपाट. मी गेल्या वैशाखांत तीन दिवस मुद्दाम तेथें राहून आलों, आणि त्यांतला बहुतेक वेळ एका लहानशा तळ्याच्या कांठीं पाण्याकडे पाहत बसून काढला. मासे न खाणाऱ्या माणसानें मासा धरण्याच्या कामीं इतका वेळ घालवावा ह्याचें आमच्या घरांतील मंडळींस नवल वाटलें, तसें तें वाचकांसही वाटेल. म्हणून प्रथम त्या मुलखाची थोडी ओळख करून देतों.

खारेपाट म्हणजे समुद्रापासून हिसकावून घेतलेली जमीन. अंबा नदी धरमतरच्या खाडीस मिळते आणि ती खाडी रेवसजवळ समुद्रास मिळते. ह्या खाडीच्या दोन्ही तीरांवर, पेणच्या बाजूस आणि अलिबागच्या बाजूस, दूरवर पसरलेलीं भातखाचरें मोठ्या भरतीच्या पातळीहून खालीं आहेत. त्यांच्या आणि खाडीच्या मध्यें काय तो एक मातीचा बांध उभा असतो. त्यास तिकडे बाहेरकाठा म्हणतात. बाहेरकाठ्यांत ठिकठिकाणीं उघाडी असते. उघाडी म्हणजे झडपेचें दार. भरती आली कीं बाहेरच्या पाण्याच्या दाबानें तें आपोआप मिटतें, आणि ओहोटी लागली कीं आंत साचलेल्या पावसाच्या पाण्याच्या दाबानें उघडतें. यंत्र नाहीं, रखवालदार नाहीं. समुद्राच्याच हातून समुद्रावर दार लावून घ्यावयाचें!

पूर्वीं बाहेरकाठा बांधून राखणारास शिलोत्रीदार म्हणत आणि त्याबद्दल त्यास कुळांकडून धान्य मिळे. पुढें गांवकरी जोळ करीत, म्हणजे घरटी माणूस लावून बांधाची डागडुजी करीत. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींचा कायदा केला, १९७९ सालीं महाराष्ट्र सरकारनें दुसरा केला. आतां मोठे बांध राखण्याचें काम सरकारी खात्याकडे आहे. जोळ बरी कीं खातें बरें, ह्यावर तिकडच्या ओट्यांवर आजही रात्रीं उशिरांपर्यंत वाद चालतो. खांड गेली म्हणजे मात्र वाद थांबतो आणि घमेलीं निघतात. बांध फुटण्यास तिकडे 'खांड जाणें' म्हणतात. खेकडे आणि उंदीर बांधांत बिळें पाडतात, उधाणाचें पाणी त्या बिळांत शिरतें, आणि बोटाएवढ्या झिरपणीची एका भरतींत मोठी वाट होते. एकदां खारें पाणी शेतांत बसलें कीं तें शेत पुन्हा भात देण्याजोगें गोडें होण्यास दोन-तीन पावसाळे जावे लागतात.

अशा जमिनींत विहीर खणावी तर पाणी खारें लागतें. म्हणून घरोघर तळें. घराच्या जोत्यासाठीं माती काढली, खड्डा राहिला, तो मृगापासून पुढें पावसानें भरला, तेंच तळें. गुरें त्यावर पाणी पितात, बायका भांडीं घासतात, पोरें पोहावयास शिकतात, आणि ह्या सर्वांच्या खालीं, कोणास न दिसतां, जिताडा वाढत असतो.

बंगाल्यांत ह्या माशास भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियांत बॅरामंडी. शास्त्रज्ञांनीं त्यास लेटेस कॅल्कॅरिफर असें भारदस्त नांव दिलें आहे. अंग रुपेरी, पाठ काळसर-हिरवट, तोंड रुंद, कपाळ उतरतें, आणि डोळे असे कीं रात्रीं त्यांवर विजेरीचा झोत पडतांच निखाऱ्यासारखे चमकतात. त्याचा जन्म खाडीच्या मुखाशीं, खाऱ्या पाण्यांत होतो. नखाएवढीं पिलें भरतीबरोबर खाडींत, खाजणांत, आणि उघाडीच्या फटींतून शेतांच्या पाण्यांतही शिरतात. गोड्या पाण्यांत हा मासा मजेंत वाढतो. परंतु गोड्या पाण्यांत त्याचा वंश वाढत नाहीं. त्यासाठीं त्यास समुद्राकडे परत जावें लागतें. आणखी एक विचित्र गोष्ट अशी कीं, हा मासा साधारणतः आयुष्याच्या पूर्वार्धांत नर असतो आणि कांहीं वर्षांनीं मादी होतो. म्हणजे समुद्रांतील बहुतेक जिताडामाता पूर्वीं कोणाच्या तरी पिता होत्या! ही माहिती मीं घरीं वाचून दाखविली तेव्हां आमच्या कुटुंबानें जो अभिप्राय दिला तो येथें देत नाहीं.

तळ्यांतील जिताड्यास ह्याप्रमाणें संतति नाहीं. दर पावसाळ्यांत खाडीच्या कडेनें पिलें धरून, मोजून, हंड्यांतून आणून तळ्यांत सोडावीं लागतात. हीं पिलें मोठीं हावरट. थोडा लहान-मोठेपणा असला तर मोठें धाकट्यास गिळतें. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनें १९९७ सालीं जिताड्याची बीजोत्पत्ति बंदिस्त हौदांत करून दाखविली, तेव्हांपासून विकतचीं पिलेंही मिळूं लागलीं. जुनी मंडळी मात्र खाडीच्याच पिलांवर विश्वास ठेवतात. पिलें सोडल्यावर दोन-चार वर्षें तळ्याकडे पाहावयाचेंही नाहीं. कोळंबी आणि बारीक मासळी खाऊन जिताडा आपला आपण वाढतो. मुलीचें लग्न, घरचें आजारपण, मोठा पाहुणा, अशा वेळीं तो काढावयाचा. आपण पोस्टांत पैसे ठेवतों, ते तळ्यांत जिताडा ठेवतात. कचेरींत अडलेलें काम जिताड्यानें सुटतें अशीही त्या जिल्ह्यांत जुनी ख्याति आहे. तिच्यांत विनोद किती आणि इतिहास किती हें ज्यानें त्यानें ठरवावें.

ह्या ख्यातीशीं आमच्या घराचाही थोडा संबंध आहे. माझ्या आजोबांची त्या भागांत खोती होती. ते शुद्ध शाकाहारी, सोंवळ्याओंवळ्याचे कडक. आमच्या अंगणांत मासळीची टोपली आली तर गोमूत्र शिंपडलें जाई. परंतु दरसाल सुगी संपली कीं ठरलेल्या कुळाच्या तळ्यांतून एक मोठा जिताडा निघे, आणि तो आमच्या उंबरठ्याकडे न येतां परभारें साहेबाच्या बंगल्यावर जाई. मासा कुळाचा, नांव खोताचें. हिशेबाच्या वहींत त्याची नोंद नाहीं. मीं पाहिली आहे. नोंद नव्हती, कारण त्याची किंमत आमच्या घरानें कधीं दिलीच नव्हती. १९३३ सालीं नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखालीं चरीच्या शेतकऱ्यांनीं खोतांच्या जमिनी कसण्याचें नाकारलें. तो संप १९३९ पर्यंत, तब्बल सहा वर्षें, चालला. १९३४ सालीं डॉ. आंबेडकर तेथें जाऊन शेतकऱ्यांस भेटून आले. आमच्या त्या कुळानेंही नांगर खालीं ठेवला. सहा वर्षें जंगलांतील लांकूडफांटा विकून आणि खाडींतील खेकडे-मासळीवर त्या लोकांनीं दिवस काढले. परंतु त्या सहा वर्षांत तळ्यांतून जिताडा कोणाच्या बंगल्यावर गेला नाहीं. पुढें कुळकायदा झाला, १९५७ सालीं कसणारास जमीन मिळाली, आणि आमचा त्या मुलखाशीं संबंध संपला.

तो पुन्हा जुळला तो शाळेमुळें. त्या कुळाचा पणतू माझ्या वर्गांत होता. त्याचे वडील, ज्यांना सारा गांव नाना म्हणतो, मुलाच्या चौकशीस येत. आणि आमचीं आडनांवें एकमेकांस ठाऊक असूनही जुनी गोष्ट आम्हीं पुष्कळ वर्षें बोलून दाखविली नाहीं. ह्या वैशाखांत नानांच्या नातीचें लग्न ज्येष्ठ शुद्धांत ठरलें. ते आमंत्रण द्यावयास आले, आणि जातां जातां म्हणाले, "मास्तर, हळदीचे जितारे काढायचे हायत. तुमी कदी पायला नसंल. या." ड चा र होणें हा त्या बोलीचा गुण आहे; तिकडे जिताडा कोणी म्हणत नाहीं.

मी वद्य दशमीस दुपारीं पोंचलों. तेथें गेल्यावर कळलें कीं हें नुसतें लग्नाचें काम नव्हतें. चैत्री पौर्णिमेच्या उधाणांत गांवच्या बाहेरकाठ्यास खांड गेली होती. ती चिखल आणि वाळूचीं पोतीं घालून बुजविली होती. परंतु वैशाखी अमावास्येचें मोठें उधाण चार-पांच दिवसांवर आलें होतें, आणि वारा दक्षिणेकडून वाहूं लागला होता. गांवांतला प्रत्येक धडधाकट मनुष्य बांधावर होता. नानांचें तळें बांधापासून दुसरें. पाणी आलें तर प्रथम तेथेंच येणार.

जाळें टाकून मासे काढावे तर तेंही सोपें नव्हतें. चोरांनीं रात्रीं जाळें ओढूं नये म्हणून तळ्यांत काटेरी फांद्या रोवून ठेवण्याची चाल आहे. नानांनीं चार वर्षांपूर्वीं स्वतः रोवलेल्या बाभळीच्या फांद्या आतां चिखलांत पक्क्या बसल्या होत्या. त्या उपटण्यास दहा-बारा माणसें आणि दोन दिवस हवे होते, आणि माणसें तर सगळीं बांधावर. तेव्हां राहिला गळ.

तळें आमच्या शाळेच्या पटांगणाच्या अर्ध्याएवढें. वैशाखांत पाणी आटून कमरेइतकें राहिलें होतें, फक्त ईशान्येच्या कोपऱ्यांत एक डोह होता. नानांच्या हिशेबानें त्यांत चार जिताडे होते. तीन चार वर्षांचे, आणि एक त्याहून किती तरी जुना. मागच्या दोन लग्नांत तो सांपडला नव्हता. घरांतील सर्वजण त्यास 'म्हातारी' म्हणत. शास्त्रज्ञांचे ग्रंथ न वाचतां त्यांनीं वयस्कर जिताड्यास स्त्रीलिंग कसें दिलें हें मीं विचारलें, तेव्हां नाना नुसते हंसले.

गळाची तयारी साधी. जाड तंगूस, तिला भेंडाचा एक तुकडा, आणि गळास शेंपटीकडून टोंचलेली जिवंत कोळंबी. ती जिवंतच पाहिजे. मेलेल्या कोळंबीकडे जिताडा ढुंकून पाहत नाहीं. तंगुशीचें दुसरें टोंक नानांच्या उजव्या तर्जनीस. आम्ही माडाच्या ओंडक्यावर बसलों. मी सहज पुढें वांकलों तोंच ते हलक्या आवाजांत म्हणाले, "सावली पान्यावर परू देऊ नका, मास्तर." मी मागें सरलों. त्यानंतर दोन तास आम्ही कांहीं बोललों नाहीं.

बसल्या बसल्या मला माझ्या भाच्याची आठवण झाली. तो कॅनडांत आल्बर्टा प्रांतांत असतो. तेथें हिंवाळ्यांत लहान तळीं इतकीं गोठतात कीं त्यांवरून माणसें चालतात. चार इंच जाडीचा घट्ट बर्फ माणसाचें वजन पेलतो. मोठ्या गिरमिटानें त्या बर्फास वीतभर रुंदीचें भोंक पाडावयाचें, शेजारीं तिपाई मांडून बसावयाचें, आणि खालच्या काळ्या पाण्यांत गळ सोडून ट्राऊट माशाची वाट पाहावयाची, असा तिकडचा छंद आहे. भाच्यानें एकदां तसें छायाचित्र पाठविलें होतें. चोहोंकडे पांढरें, आणि मध्यें कानटोपी घातलेला आमचा चित्पावन, एका भोंकांत डोळे लावून बसलेला! तेव्हां मला हंसूं आलें होतें. आतां वाटलें, तो आणि नाना एकमेकांस पाहतांच ओळखतील. त्यानें लिहिलेली एक गोष्ट तेव्हां नीट कळली नव्हती, ती ह्या तळ्याकांठीं कळली. ज्या इंद्रधनुषी ट्राऊटसाठीं तो बसतो, त्यांचीं पिलेंही सरकारी हॅचरींतून आणून तळ्यांत सोडलेलीं असतात. त्या माशास अंडीं घालण्यास वाहतें पाणी आणि तळाशीं बारीक गोटे लागतात. बंद तळ्यांत त्याचा वंश वाढत नाहीं. म्हणजे तिकडेही पाहुणाच.

पहिल्या दिवशीं कांहीं लागलें नाहीं. संध्याकाळीं बांधावरून मुलगा चिखलानें माखून आला, तांब्याभर पाणी प्याला, आणि तसाच परत गेला. त्याच्या मागून त्याची आई भाकरीची शिदोरी घेऊन निघाली. नवरी मुलगी अंगणांत पोत्यांचीं तोंडें सुतळीनें शिवीत बसली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळींही तेंच. नाना म्हणाले, खाडीला भरती लागली कीं तळ्यांतलाही जिताडा फिरूं लागतो. मध्यें बांध असला म्हणून काय झालें, त्याला आंतून कळतें. हें खरें कीं खोटें तें मी सांगूं शकत नाहीं. एवढें खरें कीं एकादशीच्या सायंकाळीं, खाडी भरत आली असतां, डोहाच्या कडेस 'धप्' असा आवाज झाला, जणू कोणी पाण्याखालीं दार आपटलें. भेंडाचा तुकडा दिसेनासा झाला. नानांची तर्जनी वांकली. परंतु त्यांनीं लगेच ओढलें नाहीं. मनांत तीन आंकडे मोजावे इतका वेळ ते थांबले, आणि मग उभे राहिले. पाण्यांतून रुपेरी अंग हातभर वर उसळलें, डोकें झटकलें, पुन्हा खालीं गेलें. फांद्यांत शिरूं न देणें हीच सारी कला. पंधरा मिनिटांनीं मासा कांठाशीं आला. नानांनीं हातास पंचा गुंडाळून तो उचलला. कारण ह्या माशाच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, आणि त्यांच्या तळहातावर तिची जुनी खूण मला त्यांनीं दाखविली. ताणकाट्यावर तो साडेपांच किलो भरला. लगेच बर्फाच्या पेटींत गेला. बर्फ आमच्याकडेही लागतो म्हणावयाचा. फक्त मासा धरल्यानंतर.

द्वादशीस पहांटे आणि सायंकाळीं मिळून आणखी दोन आले. म्हातारी मात्र आली नाहीं. एकदां, उजाडण्यापूर्वीं, मीं विजेरी लावली तेव्हां डोहांत दोन निखारे क्षणभर दिसले आणि विझले. नानांनीं माझा हात धरून विजेरी खालीं केली.

त्या रात्रीं ओट्यावर बसलों असतां मीं विचारलें, "नाना, खांड गेली तर?"

"गेली त रोहू-कटला मरंल. जितारा नाय मरायचा," ते म्हणाले. "त्याचं घरच तिकरं हाय."

मग थोड्या वेळानें, माझ्याकडे न पाहतां, त्यांनीं जुनी गोष्ट काढली. त्यांच्या आजानें मरतेवेळीं सांगून ठेवलें होतें कीं ह्या तळ्यांतला जिताडा घरच्या ताटांत आला तर चालेल, पाहुण्याच्या ताटांत आला तर चालेल, विकला तरी चालेल; पण हुकुमावरून द्यावयाचा नाहीं. मला काय बोलावें तें सुचेना. "तो हुकूम आमच्या घरचा होता," एवढेंच मीं म्हटलें. "ठाव हाय," ते म्हणाले, आणि सुनेस हांक मारून माझ्यासाठीं दूध-भात वाढावयास सांगितलें. माझ्यासाठीं वेगळें पातेलें त्यांनीं पहिल्या दिवसापासूनच ठेवविलें होतें. त्यांच्या घरच्यांनीं पाळलेलें हें सोंवळें मला आमच्या आजोबांच्या सोंवळ्यापेक्षां अधिक खरें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

त्रयोदशीस सकाळीं मी निघालों. जातांना बांधावरून गेलों. एका बाजूस खाडी, तिवरांच्या मुळ्यांपर्यंत पाणी. दुसऱ्या बाजूस, पुरुषभर खालीं, उन्हानें तडकलेलीं खाचरें. मध्यें चार पावलांची वाट. बुजविलेल्या खांडीवर माणसांची रांग लागली होती आणि घमेलीं हातोहात पुढें जात होतीं. मीही अर्धा तास रांगेंत उभा राहिलों. माझ्यानें पुढें होईना, आणि कोणी आग्रहही केला नाहीं.

अमावास्येनंतरच्या सकाळीं नानांच्या मुलाचा फोन आला. जुनी खांड टिकली. परंतु मध्यरात्रीच्या भरतीस तिच्यापासून वीस-पंचवीस हातांवर नवी गेली. घरांत पाणी शिरलें नाहीं. गुरें आधींच वरच्या आळींत नेलीं होतीं. तळें भरून वाहिलें, आणि सकाळपर्यंत खाडी उतरली तशी त्यांतलें पाणीही शेतांवरून खांडीकडे ओसरलें. रोहू आणि कटला पोटें वर करून तरंगत होते; ते टोपल्यांनीं भरून काढले, चाळीसच्या वर निघाले. नानांनीं एकेक उलटून पाहिला, मग कांठानें दोनदां फेरी घातली. म्हातारी मेलेल्यांत नव्हती.

लग्न ठरल्या दिवशींच व्हावयाचें होतें. हळदीस तीन जिताडे पुरले असते. मीं विचारलें, नाना काय करताहेत? मुलगा म्हणाला, पडवींत बसून बारीक जाळें शिवताहेत. पाऊस पंधरा दिवसांवर आला, पिलें धरायला लागेल.